एकशे आठ वेळा पाहिलेली जाहिरात

पिंपळगाव बसवंतच्या बेदाण्याच्या शेडमध्ये चाळीस कामगार बायका फोन धरून देवऋषी चिमाजीबाबांसमोर उभ्या होत्या. शेडचा मालक महेशशेठ, त्याची फोनवरची जाहिरात लोकांना कमी दिसू लागली होती आणि ऑर्डरी आटल्या होत्या. त्यावर बाबांनी उतारा दिला होता. रोज पहाटे प्रत्येकीने फोनवर बेदाणा शोधायचा, एकशे आठ वेळा जाहिरातीचं दर्शन घ्यायचं, पण बोट लावायचं नाही. बोट लागलं की विटाळ.

महिना झाला तरी गुण नव्हता, उलट होतं तेही गेलं. बाबा डगमगले नाहीत.

"नजर घरातलीच हाय," ते म्हणाले. "जिची असंल, तिच्या फोनात लक्ष्मी तोंड दाखवायची नाय. बघा आता."

एकोणचाळीस फोनांत जाहिरात आली. नवसाबाईच्या आली नाही. ती विधवा, लोकांना तेवढं पुरलं. दहा वर्षं बेदाणा निवडणाऱ्या बाईला त्याच दिवशी गेटाबाहेर काढलं.

शेठच्या जाहिराती सांभाळणारी तेजस्विनी नाशिकहून आली होती, दारातच उभी होती. तिने हे थांबवलं नाही, याची लाज तिला सोडेना.

तिने तीन महिन्यांचे आकडे तासवार, गाववार मांडले. पहिली घट दिवाळीनंतरची, सुक्या मेव्याची दरवर्षीचीच. खरी घसरण उताऱ्याच्या दिवसापासूनची. रोज पहाटे पाच ते सहा, एकट्या पिंपळगावात, जाहिरात चार हजारांहून जास्त वेळा दिसली होती आणि बोट एकीनेही लावलं नव्हतं. लोक बघतात पण उघडत नाहीत, म्हणजे त्यांना माल नको, असं समजून जाहिराती दाखवणाऱ्या यंत्राने जाहिरात सगळीकडेच मागे सारली. जो फोन सगळ्यांत जास्त वेळा नुसता बघेल, त्याच्यावर ती आधी बंद होणार. कुणाचा तरी फोन रिकामा निघणारच होता, आणि बाबांना तेवढंच हवं होतं.

महेशशेठने तिचा आकड्यांचा कागद दोनदा वाचला आणि तिला घेऊन गाडी काढली. नवसाबाई अंबडला लेकीकडे होती. खोलीत पाळणा होता, ती मात्र उंबऱ्यावर, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मावशी, तुम्ही किती वेळा बघायचात?" तेजस्विनीने विचारलं.

"बाकीच्या एक माळ करायच्या, मी तीन. माझ्या हातचा माल हाय ना तो."

तेजस्विनीने सगळं उलगडून सांगितलं. सगळ्यांत जास्त तिनेच पाहिलं, म्हणून तिलाच दिसेना. शेठने हात जोडले, उद्यापासून कामावर या म्हणाला. नवसाबाईने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पाळण्यातलं पोर रडू लागलं.

"तुम्हीच घ्या त्याला," ती तेजस्विनीला म्हणाली. "माझ्या नजरेचं काय सांगावं."

उतारा थांबला, जाहिरात महिन्याभरात पुन्हा दिसू लागली. नवसाबाईने नातवाला अजून उचललेलं नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. काही बिघडलं की कुणामुळे, हे विचारू नका. कशामुळे, हे विचारा, आणि उत्तर सापडेपर्यंत कुणालाही गेटाबाहेर काढू नका.