अभिप्रायासाठी पाठवलेली पिशवी

विषय: लाल पेशींची एक पिशवी, बॉम्बे ब्लड ग्रुप, ढाक्याला पाठवण्याबाबत.

१. मी बाळ ओगले, वय एकाहत्तर, राहणार नौपाडा, ठाणे. एकतीस वर्षं दिल्लीत शेजारी देशांच्या फायली सांभाळल्या. नद्यांचं पाणी, सीमेवरचे आठवडी बाजार, मालाच्या ट्रकांना वाट, चुकून पलीकडे गेलेल्या होड्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. ही टिप्पणी कोणी मागवलेली नाही. परिच्छेदांना आकडे घातले आहेत ते सवयीने. सहावा परिच्छेद शेवटाकडे लिहीन. त्यात मी आहे, आणि तो आत्ता जमणार नाही.

२. माझी मुलगी अंतरा डोंबिवलीत एका रक्तपेढीत काम करते. तिच्या खणात एक वही असते, बॉम्बे ग्रुपच्या माणसांची. या गटाच्या माणसाला दुसरं कोणतंही रक्त चालत नाही, ओ सुद्धा नाही. आपल्याकडे दहा हजारांत एखादा सापडतो. वहीत तेवीस नावं आहेत. त्यातले चार वारले, दोघे कॅनडात गेले.

(समासात, अंतराच्या अक्षरात: तीन वारले. कल्याणचे आगाशेकाका जिवंत आहेत, परवाच भेटले.)

३. गेल्या वर्षी मार्चमध्ये ढाक्याहून मामुन नावाच्या मुलाचा फोन आला. त्याची बहीण शिरीन, एकतीस वर्षांची, शाळेत भूगोल शिकवायची. गर्भाशयातल्या गाठीमुळे रक्त जात होतं, हिमोग्लोबिन साडेपाचावर आलं होतं. ऑपरेशन करायला हवं होतं, पण निदान एक पिशवी हाताशी असल्याशिवाय डॉक्टर तयार नव्हते. तिथे या गटाचं कोणी सापडेना. तिला इकडे आणायचं तर व्हिसा मिळेना. म्हणजे पिशवीनेच तिकडे जायचं, आणि त्यासाठी दिल्लीची परवानगी.

अंतराचं म्हणणं साधं होतं. आधी परवानगी, मग रक्त. काढलेलं रक्त पस्तीस दिवस टिकतं, आणि ज्याचं काढलं त्याचं पुढचे तीन महिने पुन्हा काढता येत नाही.

"कागद हातात आला की वहीतल्या नयनला बोलावते," ती म्हणाली.

"अगं, असल्या किती फायली गेल्या माझ्या हाताखालून. आठ दिवस, फार तर दहा. तू पिशवी तयार ठेव."

"नक्की?"

"नक्की. माणुसकीच्या फायली अडत नाहीत."

हे वाक्य मी कुठे शिकलो कोण जाणे. दिल्लीत तरी नाही.

४. नयन माजिवड्याचा. त्याच्या आजोबांच्या, धाकूच्या, भातखाचरांवर आता बावीस मजल्यांच्या इमारती आहेत. तो गाडी घेऊन डोंबिवलीला आला, बरोबर आई, सगुणाबाई. मुलाला नंतर खायला म्हणून त्यांनी डब्यात सहा उकडलेली अंडी आणली होती.

सुई टोचली तेव्हा नयन म्हणाला, "काका, माझा पासपोर्ट अजून निघाला नाय आणि रक्त चाललंय फॉरेनला."

"इमानातून जाईल?" सगुणाबाईंनी विचारलं. "मी पन बसले नाय अजून इमानात." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, त्या पोरीचा नाव काय?"

"शिरीन."

"पोचला की मना फोन करा. इसरू नका."

पिशवीवर तारीख पडली. अंतराने ती फ्रिजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात मागे ठेवली आणि पुढे चिठ्ठी चिकटवली: शिरीन. हात लावू नये.

५. रक्त काढल्यापासून अठराव्या दिवशी दिल्लीहून मेल आला. आपला प्रस्ताव संबंधित चार खात्यांकडे अभिप्रायासाठी पाठवण्यात आला आहे.

"बाबा, हलली फाइल," अंतरा म्हणाली. "चार खात्यांत पोचलीसुद्धा." तिने लगेच मामुनला कळवलं. त्याने जोडलेल्या हातांची सहा चित्रं पाठवली.

५ अ. आमच्याकडे नकार लिहीत नसत. लिहिला की कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की पलीकडचा देश त्याला उत्तर देतो. म्हणून फाइल अभिप्रायासाठी पाठवायची, एकदम चार ठिकाणी. चारांतलं एक खातं तरी दुसऱ्याचा अभिप्राय आल्याशिवाय स्वतःचा देत नाही. फाइल फिरत राहते. तिला कोणी मारलेलं नसतं.

१९९७ साली शेजारच्या एका देशाने प्रस्ताव पाठवला होता. वादळात भरकटलेल्या होड्यांसाठी दोन्हीकडच्या गस्तीच्या बोटींना एकमेकांशी थेट बोलता यावं, एवढंच. त्यावर चार खात्यांचे अभिप्राय घ्यावेत, अशी शिफारस माझी. साहेब म्हणाले, "ओगले, सोडवलंत." ती फाइल तीन वर्षं फिरली. तिच्यात माणसांची नावं नव्हती. 'मच्छीमार, संख्या' असा रकाना होता.

गेल्या वर्षी त्या महिन्यांत दोन्ही देशांचं बिनसलेलं होतं आणि सही करायला कोणी धजावत नव्हतं. तेव्हा मेल वाचला त्याच क्षणी मला कळलं. पिशवी जाणार नाही.

(समासात: त्याच क्षणी? हे तुम्ही मला बोलला नाहीत.)

(त्याखाली, माझ्या अक्षरात: नाही.)

७. पुढचे पाच दिवस मी फोन केले. माझ्या हाताखाली तयार झालेला एक जण आता बराच वर आहे. तो प्रेमाने बोलला. गुडघे कसे आहेत, ठाण्यात उकडतं का.

मी विषय काढला.

"सर, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला. अभिप्राय आल्याशिवाय पान उलटायचं नाही."

तो हसला. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, माझं. तिसऱ्या फोननंतर त्याने उचलणं बंद केलं.

त्याच दिवसांत शिरीनने अंतराला आवाजी निरोप पाठवला होता. हिंदी तिला फारशी येत नव्हती, शब्द शोधत बोलत होती. ठाणे तिने नकाशात शोधलं होतं. खाडीच्या काठाला आहे ना, तिने विचारलं होतं. तुमच्या खाडीचं पाणी आणि आमचं पाणी शेवटी एकाच महासागरात, हे ती वर्गात सांगणार होती. मध्ये धाप लागल्यामुळे ती थांबते, तिथे पंख्याचा आवाज येतो.

अंतराने तो निरोप मला ऐकवला. मी म्हणालो, "हुशार आहे मुलगी."

८. पंचविसाव्या दिवशी अंतराने मला न विचारता मामुनला फोन केला आणि सांगितलं, आमच्या पिशवीची वाट बघू नका, त्या नेपाळच्या माणसाला बोलवा.

नेपाळमध्ये बिरगंजला एक ड्रायव्हर होता, त्याच रक्ताचा. तो यायला तयार होता. त्याला ढाक्याला उतरल्यावर व्हिसा मिळणार होता. पिशवीतल्या रक्ताला परवानगी लागते, माणसाच्या अंगात वाहत असेल तर लागत नाही. रात्रभर बसने तो काठमांडूला आला. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी विमानतळावर रांगेत उभा असताना त्याला मामुनचा फोन गेला. शिरीन तासाभरापूर्वी गेली होती.

त्याने विचारलं म्हणे, "तरी येऊ का?"

९. पस्तिसावा दिवस. अंतराने मुंबई, पुणे, सगळीकडे विचारून पाहिलं होतं. त्या आठवड्यात या गटाचं रक्त कोणालाच नको होतं, म्हणजे चांगलंच म्हणायचं. मी तिच्याबरोबर डोंबिवलीला गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं.

तिने फ्रिज उघडला. आधी चिठ्ठी सोडवली, घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. मग पिशवी बाहेर काढली, रजिस्टरमध्ये क्रमांक लिहिला, पुढच्या रकान्यात 'मुदत संपली' असं लिहिलं आणि पिशवी पिवळ्या डब्यात टाकली. नाश करायच्या वस्तू त्यात जातात.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मला वेळ लागेल." तिचं काम संपलेलं होतं.

१०. सगुणाबाईंचे फोन येत होते आणि मी ते घेत नव्हतो. शेवटी रिक्षा करून माजिवड्याला गेलो. दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल, भिंतीवर धाकूंचा फोटो, टोपी घातलेला. त्यांनी पाणी आणलं.

"पोचला का, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे दिल्लीचं सांगितलं, चार खात्यांचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं. पिशवी टाकून द्यावी लागली हे सांगताना मी माफी मागितली.

"आमच्या नयनचा रगत फेकला त्याचा काय नाय," त्या म्हणाल्या. "परत भरतंय ते. ती पोर वाट बगत व्हती ना?"

"हो."

"तिला कोनी सांगितला नाय? येत नाय म्हनून?"

मी पाणी प्यायलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. निघताना मात्र त्या जिन्यापर्यंत आल्या नाहीत, आणि या घरातून कोणी असं जात नाही.

६. एकोणिसावा दिवस, चहाची वेळ. मेल येऊन एक दिवस झाला होता. अंतराची सुट्टी होती. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो आणि मामुनचा फोन आला.

बिरगंजचा माणूस त्याच दिवशी सापडला होता. मामुन विचारत होता, त्याला बोलावू का? गरीब माणूस आहे, पाच-सहा दिवस काम बुडेल, घरचे घाबरलेत, पहिल्यांदाच विमानात बसणार. तुमची पिशवी येत असेल तर त्याला उगीच त्रास नको. येतेय ना?

अंतराने फोनवर हात ठेवला.

"बाबा, काय सांगू?"

आदल्या दिवसापासून मला माहीत होतं. माझ्या हातात बिस्किट होतं. अंतरा माझ्याकडे बघत होती, शाळेत असताना एखाद्या फॉर्मवर सही घ्यायला यायची तशी. वाचायची नाही, मी वाचलंय म्हणजे झालं. आणि 'आठ दिवस' मीच म्हटलं होतं. 'नक्की' मीच म्हटलं होतं. एखादा फोन लागेल, एखादा जुना माणूस ओळख ठेवेल, असंही वाटलं. 'फाइल पुढे गेली आहे' असं एकतीस वर्षं जे दुसऱ्यांना ऐकवलं त्याच्यावर त्या पाच मिनिटांत माझा स्वतःचा विश्वास बसला, किंवा बसावा असं वाटलं. फरक मला आता करता येत नाही.

मी म्हणालो, "थांबायला सांग. त्या माणसाला कशाला त्रास. आपली पिशवी निघतेच आहे."

ती फोनवर म्हणाली, "चिंता मत करो मामुन, हमारा आ रहा है."

एकोणीस ते पंचवीस. सहा दिवस. बिरगंजहून ढाक्याला यायला दोन लागतात.

(समास कोरा.)

११. अंतराने सहावा परिच्छेद वाचला त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा करायची, माझी औषधं काढून ठेवायची, जायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर बसली आणि मामुनला फोन लावला.

"स्पीकरवर आहे," ती मला म्हणाली. "इथेच बसा."

तिने परिच्छेद त्याला वाचून दाखवला, हिंदी करत करत. बिस्किटसुद्धा गाळलं नाही. मी मध्ये काही म्हणायला गेलो तर तिने हात वर केला. शेवटी स्वतःचं वाक्य आलं, ते तिला हिंदी करावं लागलं नाही, ते हिंदीतच होतं. ते अर्धंच वाचलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं.

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, तिकडचे.

मग मामुन म्हणाला, "दीदी, अब फोन रखता हूँ."

त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. आम्हीही केलेला नाही. ईदला अंतराने फोन हातात घेतला होता, पुन्हा ठेवला.

१२. कोलंबोहून एका बाईंसाठी पिशवीची विचारणा होती, तिला दिल्लीचं उत्तर काल आलं. अंतराने मोबाइल माझ्या कपाशेजारी ठेवला.

"वाचा."

वाचलं. या वेळी तीन खाती होती.

"नाही येणार," मी म्हणालो. "त्यांना सांग, वाट बघू नका. दुसरीकडे शोधा, आजच."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं, तिकडे किती वाजले असतील ते बघायला, आणि वेळ दोन्हीकडे एकच आहे हे तिच्या लक्षात आलं. नयनला अजून बोलावलेलं नव्हतं. त्याचं रक्त त्याच्या अंगात होतं.

तिने नंबर लावला. पलीकडे कोणीतरी फोन उचलला, तशी ती उभी राहिली आणि सांगायला लागली.