अडकित्त्याने ऐकलेली टक

मित्रांनो, आजकाल घरोघरी अडकित्ता नसतो, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. दोन पितळी दांडे, एक पोलादी पाते आणि दांडे जिथे एकमेकांना धरतात तिथे एक खीळ, एवढाच माझा संसार. मध्ये सुपारी ठेवायची, दांडे दाबायचे, की खांड पडले. मी जुना आहे, खूपच जुना. म्हातारपणी बडबड वाढते, तेवढी चालवून घ्या. तुमच्याशी बोलतो आहे ते या गोष्टीपुरते. घरात मला आवाज नाही, आणि माझे सगळे दुःख तिथेच आहे.

माझी विक्री बंगळुरात, चिकपेटेच्या जुन्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात झाली. गोदूबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने मला हौसेने घेतले. आता आमचे घर जे. पी. नगरात आहे. ही माणसे कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातली. घरात मराठी बोलतात, आणि मध्येच कानडीत, 'बरं'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणून मोकळी होतात. या घरची एक रीत आहे. जेवणे झाली की घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सुपारी कातरायची आणि आपल्या हाताने प्रत्येकाच्या तळव्यावर ठेवायची. ती नको म्हणणे म्हणजे त्या हाताचा अपमान. ऐन उमेदीत मी किती पाहुण्यांची वाहवा मिळवली. "गोदूबाईंसारखी बारीक सुपारी कुणी कातरावी," असे लोक म्हणत, आणि मी पानाच्या डब्यात ऐटीत पडून राही.

एकदा मी आजारी पडलो. सुपारी नीट फुटेना, दांडे हातात थरथरू लागले. गोदूबाईंना वाटले पाते बोथट झाले. त्यांनी धार लावून घेतली, तरी तेच. मग एके दुपारी दाबता दाबता माझ्यातून 'टक' असा आवाज आला आणि त्या थबकल्या. पाते ठणठणीत होते, खीळ झिजली होती. दुखणे एकीकडे आणि दिसत होते भलतीकडे. गोदूबाईंनी काय केले सांगू? माझे दांडे मऊ चिंधीने बांधले आणि घरात बजावले, "हा बरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मग रिक्षा करून स्वतः मला चिकपेटेत नेले आणि खीळ बदलून आणली. इतकी माया कोण करतो हो एका अडकित्त्यावर?

पुढे वादिराजचे लग्न झाले. वादिराज म्हणजे गोदूबाईंचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. त्याची बायको सुप्रीता शाळेत शिकवते. लहान वर्गाला ती गोष्टी वाचून दाखवायची, आणि घरी येऊन त्याच गोष्टी आम्हाला ऐकवायची, राक्षसाच्या आवाजासकट. सासूला ती आत्या म्हणते. दोघींचे असे गूळपीठ की वादिराज म्हणायचा, "या घरात मी भाडेकरू आहे."

मग सुप्रीताचे डोके दुखू लागले. आधी अधूनमधून, मग रोज. शाळेतून आली की कानशिले दाबून जेवणाच्या टेबलाशी बसायची. चष्म्याचा नंबर तपासून झाला, बाम झाला, गोळ्या झाल्या. गोदूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. काही केल्या उतार पडेना. तेव्हा गोदूबाईंनी आपला ठेवणीतला उपाय काढला. त्यांच्या माहेरी डोके दुखले की सुपारीचे जाड, टणक खांड दाढेत धरून चघळायला देत.

"चांगलं चावून चावून चघळ," त्या म्हणायच्या. "कानशिलाच्या नसा मोकळ्या होतात बघ."

आणि ते खांड कातरायला हातात कोण? मी.

मित्रांनो, टेबलावर सुप्रीताच्या अगदी जवळ माझा डबा असतो. ती घास चावायची तेव्हा तिच्या कानापाशी एक बारीक आवाज व्हायचा. टक. माणसांना तो कढीभाताच्या गडबडीत ऐकू येत नसे. मला मात्र लख्ख ऐकू यायचा, कारण तो आवाज मी अंगावर काढलेला आहे. पोरीचा जबड्याचा सांधा दुखावला होता. ती जितके जोरात चावत होती तितकी कानशिले जास्त ठणकत होती. आणि त्यावर औषध म्हणून आणखी चावणे. मला ओरडावेसे वाटायचे. पण गोदूबाईंचा हात दांड्यांवर पडला की पाते खाली जायचे आणि खांड पडायचे. मी काय करणार? अडकित्त्याला नाही म्हणता येत नाही.

एका संध्याकाळी सुप्रीता वादिराजला म्हणाली, "परीक्षा झाल्या की मी शाळा सोडते. मुलं हसली तरी डोक्यात घण बसतात. काल एका पोरीवर विनाकारण ओरडले."

"गोष्टी सांगितल्याशिवाय राहशील तू?"

"आता गोष्टी सांगतच नाही," ती म्हणाली आणि उठून गेली. गोदूबाईंनी हे ऐकले. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जाड खांड कातरले.

त्याच आठवड्यात वर्गात जांभई देताना सुप्रीताचा जबडा अडकला. क्षणभर तोंड मिटेना. घाबरून ती डॉक्टर अक्षरा यांच्या दाताच्या दवाखान्यात गेली. घरी आल्यावर वादिराजला हळू आवाजात सांगू लागली, आणि मी डब्यात कान टवकारले.

"त्यांनी कानासमोर बोटं ठेवून मला तोंड उघडायला लावलं. म्हणाल्या, सगळ्यांची डोकेदुखी जबड्यातून येत नाही, पण तुमची येतेय. सांध्यावर ताण आहे, झोपेत मी दात आवळते, आणि चावायचे स्नायू थेट कानशिलापर्यंत जातात. आता मऊ जेवण, गरम शेक, रात्री दातांवर घालायला एक साचा. सुपारी तर अजिबात नाही. ती तशीही तोंडाला घातकच म्हणाल्या."

"मग सांग ना आईला."

"काय सांगू? तुमच्या मायेनं माझं डोकं दुखतं म्हणून?"

वादिराज म्हणाला, "सरी, स्वल्प दिवस हातात घे आणि टाकून दे."

पण सासूने हाताने दिलेली सुपारी कचऱ्यात टाकायला तिचे मन होईना. गोदूबाई पाठमोऱ्या झाल्या की ती खांड हळूच माझ्या डब्यात, खालच्या फडक्याखाली सरकवायची. गोदूबाई समोर बसून राहिल्या तर मात्र निमूट चावायची, आणि मग संध्याकाळभर खोलीत अंधार करून पडायची. मीच कातरलेली खांडे माझ्याच पाठीखाली टोचत होती. दोघींचेही मला ठाऊक होते आणि दोघींनाही सांगता येत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी सणाआधी डबा घासायला म्हणून गोदूबाईंनी फडके उचलले. खांडे टेबलावर घरंगळली. त्यांनी ती एकेक करून मुठीत गोळा केली.

"सुप्रीता," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "माझ्या हातचं नको झालं होय ग तुला?"

सुप्रीता रडू लागली. रडत रडत तिने सगळे सांगितले. गोदूबाईंना पटेना. "डोकं कुठे, जबडा कुठे. काहीतरीच सांगतात हे डॉक्टर."

मग सुप्रीताने त्यांची दोन बोटे धरून आपल्या कानासमोर ठेवली आणि तोंड उघडले.

टक.

गोदूबाईंचा हात तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा उघडायला सांगितले. पुन्हा टक. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा पडला. "पितळेची खीळ वाजली तर मी चिंधी बांधून ठेवली," त्या म्हणाल्या. "आणि घरची पोर वाजत होती, तिला मी सुपारी चारत होते."

त्या दिवशी त्यांनी पुन्हा माझे दांडे चिंधीने बांधले. मी बरा असूनही बांधले.

आता जेवणे झाली की त्यांचा हात सवयीने डब्याकडे येतो, माझ्यावर क्षणभर थांबतो आणि पलीकडची बडीशेप उचलतो. तीही वाटून, पूड करून. सुप्रीताने शाळा अजून सोडलेली नाही, पण राहीन असेही म्हटलेले नाही. काही दिवस बरे जातात, काही दिवस कानशिले पुन्हा धरतात. बरे व्हायला वेळ लागेल, असे डॉक्टर म्हणाल्या आहेत. परवा मात्र तिने आम्हाला अर्धी गोष्ट सांगितली, राक्षसाचा आवाज न काढता. गोदूबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

मी रोज कान देऊन असतो. मऊ भात खाताना आवाज बारीक येतो, पण येतो. मी बांधलेला, डब्यात पडलेला. याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रोज डोके धरून बसत असेल, तर आपला उपाय त्याच्या तळव्यावर ठेवण्याआधी जेवताना जरा त्याच्या शेजारी बसा आणि कान द्या. मला तो आवाज पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.