ब्रेकमधला बुडबुडा

बुधवारी सकाळी माझी सायकल कुसुमकाकूंच्या कुरडयांतून गेली. कालव्याच्या पुलावरून आमच्या झरी गावात उतरणारा ढाळ त्यांच्या अंगणापाशी संपतो. अवकाळीतला काळा चिखल ब्रेकच्या तारेच्या नळीत शिरून वाळला होता. मी मुठी आवळल्या, तार हलली नाही, आणि बाजेसकट दोनशे कुरडया आडव्या झाल्या. हा आकडा काकूंचा. मी मोजल्या तर शहाण्णव भरल्या. हे बोलायला नको होतं.

माझे वडील सूर्यभान गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पण निकाल लावायची सवय सुटलेली नाही.

"रविवारी नऊला पुलावरून यायचं," ते म्हणाले. "शाळेच्या फाटकापाशी मी चुन्याची रेघ मारतो. अलीकडं थांबली तर सायकल तुझी. न्हाई तर सोनपेठच्या तुझ्या मावसभावाला, सुगतला देऊन टाकू, अन् तू परभणीला यष्टीनं जायचं."

"बाबा, मी एम.एस्सी. फिजिक्स केलंय."

"म्हनूनच प्रॅक्टिकल घ्यायलोय. तोंडीला तू कवाबी पास होतीस."

परभणीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. आमची यष्टी पोचते तेव्हा माझी तासिका संपलेली असते आणि तत्त्व तेवढं उरतं. सायकल गेली की नोकरीही जाणार.

पुण्याच्या एका सायकलवाल्याकडून जुने हायड्रॉलिक ब्रेक मी आधीच मागवून ठेवले होते. तत्त्व सोपं आहे. तारेऐवजी नळीत तेल असतं. मूठ दाबली की ते तेल पुढं सरकतं आणि चाकाच्या चकतीला पॅड आवळतात. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून आत एक बुडबुडा राहिला तरी मूठ स्पंजासारखी लागते. माझ्या सायकलचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं आहे. दोन्ही शिंगांवरच्या मुठींत तेलाच्या छोट्या टाक्या बसवल्या, गुरुवारी दुपारभर हवा काढली. संध्याकाळी मूठ दगडासारखी घट्ट.

शुक्रवारी सकाळी ती दाबली तर हँडलला टेकली.

मी वही काढली. गळती? खाली वर्तमानपत्र अंथरलं, एक डाग नाही. तापमान? दिवसरात्रीचा फरक अकरा अंश. त्यानं एवढं होणं शक्य नाही. पुन्हा हवा काढली. शनिवारी सकाळी पुन्हा स्पंज. तिसरं गृहीतक लिहिलं: पुणेकरानं फसवलं. ते मला मनापासून आवडलं, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवला नाही.

रविवारी सात वाजता आत्या आली. सुलाबाई आत्या तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यामुळं नळीतली हवा हा तिचा विषय. तिनं स्वतःची सिरिंज लावून तेल ओढलं. बुडबुड्यांची रांग लागली.

"हिला उलटी कोन करायलंय?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही."

"सलाईनची बाटली उलटी कामून टांगतेत? हवा वर ऱ्हाती, पानी नळीत जातं. बाटली सरळ धरली की हवा नळीत. तुझी ही बाटली कोनीतरी फिरवायलंय. सीटवर बघ, ओसरीची धूळ हाय."

दारात चहा पीत उभे असलेले बाबा म्हणाले, "मी करतो. रोज पहाटं. चैन पुसायला."

"उलटी करून?"

"मग काय मांडीवर घेऊन पुसू? चाळीस वर्षं माझी सायकल तशीच पुसली. चाक फिरवून ब्रेकबी दाबून बघतो. तुझ्याच जिवासाठी."

परीक्षक रोज पहाटे माझी उत्तरपत्रिका खोडत होता, आणि तेही मायेनं. मी परीक्षा पुढं ढकलायला सांगितली. ते नाही म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर चूक माझीही होती. टाकीच्या वरच्या भागात मी हरभऱ्याएवढा बुडबुडा सोडला होता. सायकल सरळ असेपर्यंत तो तिथंच बसला असता. टाकी काठोकाठ भरली असती तर बाबांनी सायकल झाडाला टांगली तरी बिघडलं नसतं.

माझं तेल संपलं होतं. आत्याच्या पेटीत पोट साफ व्हायचं लिक्विड पॅराफिन निघालं. तेही ब्रेकच्या तेलासारखं मिनरल ऑइलच, जरा जाड.

"मानसाला दोन चमचे देतेत. हिला किती?"

"तीस मिली."

"लय दिवसांची तुंबलेली दिसती."

बुडबुडे काढून दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या आणि आता उलटी केली तरी फरक पडणार नाही, असं बाबांना सांगितलं. नऊला फाटकापाशी निम्मं गाव होतं. बाबांनी रेघ मारली. मग माझ्या हातातून सायकल घेतली, सगळ्यांसमोर उलटी केली, चाक फिरवलं, चार वेळा ब्रेक दाबला आणि मोठ्यानं शंभरपर्यंत मोजायला लागले.

"बाबा, काय करायलात?"

"बुडबुडाच न्हाई तर फरक काय पडतोय? तूच म्हनलीस."

प्रयोग बिनचूक होता. सायकल दुसऱ्याची असती तर मीही हाच केला असता.

पुलावर ढकलत नेताना मूठ एकदा दाबून बघावीशी वाटली. बघितली नाही. मऊ लागली असती तरी उतरायचं तर होतंच. खाली कुसुमकाकूंनी बाज उचलून घरात नेली. त्यांचा निकाल लागलेला होता.

पाय न मारताच सायकलनं पस्तीसचा वेग घेतला. रेघ दिसली. मी दोन्ही मुठी दोन-दोन बोटांनी ओढल्या. मागचं चाक किंचित उचललं, परत टेकलं, आणि सायकल उभी राहिली. रेघ अजून तीन मीटर लांब होती.

बाबा रेघेपासून पावलं मोजत आले. टायरकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"लय लवकर थांबली," ते म्हणाले. "मागून येनारा मानूस धडकंल."

"अन् सायकल?"

"ऱ्हाऊ दे तुलाच." ते हातांवरचा चुना झटकायला लागले. "पन सुगत सकाळच्या यष्टीनं निघालाय, सायकल न्यायला. परभणीच्या स्टँडवर गाडी बदलंल, तिथंच जाऊन आडव त्याला. मला सांगायला कसंतरीच वाटतंय."