रामदिनीचं दुखणं

लेकीच्या घरी थांगकीमानं चहाचे कप बाजूला सारून बायबल उघडलं आणि ओळीवर बोट दाबून धरलं.

"वाचा. पौल तीमथ्याला काय सांगतो? पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. नुसती प्रार्थना कर, असं नाही सांगत. आणि लूक कोण होता? वैद्य! मग औषध घेणं हा अविश्वास कसा?"

समोर बसलेला सियामलियाना त्या ओळीवर वाकला. वर्षभरापूर्वी हा माणूस खोऱ्यातून डोंगरावरच्या या मिझो गावात आला आणि ज्याचा विश्वास खरा त्याला औषधाच्या गोळीची गरज नाही, सुईची गरज नाही, असं शिकवू लागला. बघता बघता अकरा घरं त्याच्यामागे गेली. बारावं घर थांगकीमाच्या लेकीचं, रामदिनीचं.

थांगकीमा मंडळीचा उपा होता. गावाच्या चर्चची राखण करणाऱ्या पंचांमधला सर्वांत थोरला. खोट्या शिकवणीमागे जाणाऱ्याचं नाव चर्चच्या यादीतून काढायचं, हा ठराव त्याचाच. मागल्या रविवारी लेकीचं नाव त्यानंच वाचून दाखवलं. आवाज जरासुद्धा कापला नाही, असं लोक अजून सांगत होते. त्याच दिवसापासून रामदिनीनं इन्सुलिनची सुई बंद केली. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ती त्या सुईवर जगत होती.

आता ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले. पाण्याचा तांब्या दुसऱ्यांदा रिकामा झाला होता.

"उत्तर आहे का तुमच्याकडे?" थांगकीमानं विचारलं.

"नाही, उपा," सियामलियाना म्हणाला. "तुमच्याएवढं माझं वाचन नाही."

थांगकीमानं पिशवीतून बर्फात ठेवलेली बाटली आणि सुई काढली.

"ऐकलंस ना, दिनी? हात पुढे कर."

"तुम्ही जिंकलात, पा." तिनं हात शालीखालून काढला नाही. "नेहमी तुम्हीच जिंकता. आईसुद्धा कधी जिंकली नाही."

"हा जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नाही. हा तुझ्या जिवाचा—"

"तळपाय जळतात माझे. दोन वर्षं झाली. सियामलियानांनी आल्या आल्या विचारलं, बाई, कुठं दुखतं? तुम्ही आल्या आल्या विचारलंत, कुठलं वचन विसरलीस?"

थांगकीमाच्या तोंडी उत्तर आलं होतं. ते त्यानं दिलंही. बराच वेळ दिलं, दाखल्यांसकट. मग रागानं बायबल मिटून तो चढण चढून घरी गेला. बाटली मात्र तिच्याजवळ ठेवून गेला.

तिनं बाटलीला हात लावला नाही. दोन दिवसांनी जावई तिला सुमोत घालून जिल्ह्याच्या गावी निघाला. इस्पितळ गाठेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. संध्याकाळच्या आत ती गेली.

यादीत नाव नसलं तरी गावानं तिला सोडलं नाही. पोरांनी खडकात कबर खणली, बायांनी घर भरून टाकलं, ढोलावर संथ गाणी सुरू झाली. चार शब्द बोलायला लोकांनी थांगकीमाकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येक मयताला तोच बोलत असे. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. सियामलियाना कुंपणापाशी उभा होता. डोळे सुजलेले, अंगावर काळी शाल.

"तोंड दाखवायला लाज नाही वाटत?" कुणीतरी ओरडलं. "खाल्लीस ना पोर आमची!"

दोघं तिघं बाह्या सारत उठले. थांगकीमा त्यांच्यामधून वाट काढत कुंपणापर्यंत गेला. गाणं थांबलं.

"तुमची शिकवण खोटी आहे," तो म्हणाला. "मरेपर्यंत मी हेच सांगेन."

"होय, उपा."

"आत या."

त्यानं त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

"तिनं तुम्हाला आणखी काय काय सांगितलं?" त्यानं हळूच विचारलं. "कुठं कुठं दुखायचं? सगळं सांगा."

सियामलियाना अडखळत सांगू लागला. सांगता सांगता दोनदा त्यानं एक वचन चुकीचं म्हटलं. थांगकीमानं ते दुरुस्त केलं नाही, तो ऐकत राहिला.