अंगणातली पवनचक्की

‘अंगण’ उघडायला फार वेळ लागतो, ही तक्रार मुकादमाने दोनदा बंद केली होती. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘माझ्याकडे असं होत नाही.’ तिसऱ्या वेळी तक्रार करणारीने ती संकेतस्थळावर न टाकता थेट त्याच्या जेवणाच्या टेबलावर टाकली. ती त्याची मेहुणी होती, त्यामुळे शेरा मारून बंद करण्याची सोय उरली नाही.

‘अंगण’ म्हणजे शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून केलेलं फुकट सॉफ्टवेअर. डावीकडे सूचना लिहायच्या, उजवीकडे त्या चालताना बघायच्या. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता. ठिकठिकाणचे हौशी लोक त्यात भर घालत आणि कुणाचं काय घ्यायचं हे तो ठरवी, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत. बायको ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणे.

“भाऊजी, मोठ्या बाई सोमवारी विकतचं सॉफ्टवेअर घेणार आहेत,” मेहुणी म्हणाली. ती शाळेत संगणक शिकवायची. “त्या म्हणतात, तुमचं उघडेपर्यंत अर्धा तास जातो वर्गाचा.”

“नाचता येईना, अंगण वाकडं. तुमची मशीनं जुनी आहेत.”

“मशीनं जुनी आहेत, पण मुलं नवीन आहेत. ती मोठी व्हायच्या आत उघडलं तर बरं.”

बायको हसली. मुकादम मात्र मनात आकडे मांडू लागला. ‘अंगण’ हजारो लोकांनी उतरवून घेतलंय, असं आकडे सांगत. पण ते वापरणारी हाडामांसाची माणसं त्याने पाहिली होती ती फक्त मेहुणीच्या वर्गात. तीही गेली, तर आपण मुकादम कुणाचे?

खरं तर गेलं वर्षभर सगळी मंडळी वेग वाढवण्याच्याच मागे होती. रोज मोजणी व्हायची, एखादा क्षण वाचला की एकमेकांची पाठ थोपटली जायची. मोजणारं मशीन मुकादमाच्या घरी कपड्यांच्या कपाटात, बिनपडद्याचं होतं. पडदा नाही तर चित्रं दाखवायची कुणाला, म्हणून मोजणीच्या वेळी चित्रं बंद ठेवायची, असा शिरस्ता होता. आकडे सुरेख येत.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो संगणकाच्या खोलीत गेला. मेहुणीने दोन मशीनांवरची कापडं काढली. त्याने एकावर ‘अंगण’ सुरू केलं. ‘अंगण’ उघडेपर्यंत दिसणारी पवनचक्की पडद्यावर आली आणि संथपणे फिरू लागली. मशीनचा पंखा घरघरायला लागला. पवनचक्की फिरत राहिली.

शेजारच्या मशीनवर मेहुणीने ‘अंगण’ सुरू केलं, लगेच खिडकी खाली दडवली आणि फळा पुसायला गेली. परत आली तेव्हा तिचं उघडलेलं होतं. त्याची चक्की अजून दळतच होती.

“खाली का दडवलंस ते?”

“बघत बसलं की नजर लागते म्हणे. गेल्या आठवड्यात मुलांनी शोधून काढलं. सगळा वर्ग आता असंच करतो.”

“मग मोठ्या बाईंची तक्रार कसली?”

“त्या तपासायला आल्या आणि समोरच खुर्ची टाकून बसल्या. त्यांना कसं सांगू, बघू नका म्हणून?”

“मला तरी सांगायचंस!”

“काय लिहू? ‘नजर लागते’? तुम्ही धड असलेल्या तक्रारीही बंद करता, ही ठेवली असती उघडी?”

मुकादमाने स्वतःची खिडकी खाली दडवली. थोड्याच वेळात त्याचंही ‘अंगण’ उघडलं.

मग त्याला कळलं. खिडकी समोर असली की तेच दमलेलं मशीन ‘अंगण’ही उघडणार आणि चक्कीही फिरवणार, एकेक पातं नव्याने काढायचं, वर त्याची सावली. ‘येतंय, येतंय’ सांगायला आचाऱ्यालाच पंगतीत उभं केलं, तर चुलीपाशी कोण राहणार? आणि कपाटातल्या मशीनला बिचाऱ्याला पवनचक्की कधी दिसलीच नव्हती.

पण चक्की सासऱ्यांची होती. निवृत्त ड्राफ्ट्समन, साठीनंतर जिद्दीने प्रोग्रामिंग शिकले आणि ‘अंगणा’ला एवढी एकच वस्तू दिली. घरी आलेल्या प्रत्येकाला ते ती दाखवत. इतरांची कामं मंजुरीसाठी महिनोन्‌महिने थांबत, चक्की त्याच संध्याकाळी मंजूर झाली होती. जावई हा दहावा ग्रह म्हणतात; सासऱ्याचा क्रमांक कुणी लिहून ठेवलेला नाही.

शिवाय ज्याचं काम काढायचं त्याची संमती हवी, हा नियम मुकादमाचाच.

रविवारी शाळेतलं एक मशीन घेऊन तो आणि मेहुणी सासऱ्यांकडे गेले.

“बाबा, पवनचक्कीबद्दल बोलायचं होतं.”

“रंग बदलू का?”

“रंग चांगला आहे. पण ती... फिरते.”

“जावईबापू, पवनचक्की आहे. फिरणारच.”

“ती फिरते म्हणून माझा तास बसतो, बाबा,” मेहुणी म्हणाली.

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं, मग मशीनकडे. “मोजून दाखवा.”

मोजलं, पडदा लावून. सासऱ्यांनी आकडा पाहिला. स्वतःच कीबोर्ड ओढून त्यांनी सावली काढली. थोडा फरक पडला. एक पातं कमी केलं. आणखी थोडा. “तीन पात्यांच्याही असतात,” ते म्हणाले. पुन्हा मोजलं, पुरेसं नव्हतं. मग त्यांनी फिरणंच बंद केलं. ‘अंगण’ चटकन उघडलं.

बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

“वारा पडला म्हणायचं,” ते म्हणाले आणि संमतीचं बटण दाबलं.

सोमवारी मोठ्या बाई खुर्ची टाकून समोर बसल्या. पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत ‘अंगण’ उघडलं होतं. “हे आधीच चालू होतं का?” त्यांनी विचारलं. बंद करून पुन्हा उघडून दाखवलं. विकतच्या सॉफ्टवेअरचा विषय तिथेच मिटला.

संध्याकाळी संकेतस्थळावर नवी तक्रार आली. तक्रारदार: सासरे. ‘पवनचक्की दिसायच्या आत अंगण उघडते. डोळे लावून बसलो तरी सापडत नाही. तातडीचे.’

मुकादमाने नेहमीचा शेरा लिहायला घेतला, अर्धा लिहून पुसला. ती तक्रार अजून उघडी आहे.