आम्ही कुणाला सांगत नाही

बायको बहिणीकडे निघून गेल्याला चार महिने झाले, आणि दातांच्या डॉक्टरची दुपार सरता सरेना. दोन पेशंटच्या मध्ये तो मागच्या खोलीत जायचा, कपाटातली बाटली तोंडाला लावायचा, वर पेपरमिंट चघळायचा. आज मात्र हद्द झाली. खुर्चीतल्या पेशंट बाईंची दाढ किडली होती डावीकडची, यानं इंजेक्शन देऊन बधिर केला उजवा गाल.

मदतनीस ताईंनी त्याचा हात धरला म्हणून पुढचं टळलं. बाईंची माफी मागून त्यांना घरी पाठवलं, आणि दंतवैद्यांच्या संघटनेचं व्यसनमुक्तीचं पत्रक ताईंनी त्याच्यापुढे ठेवलं.

"या नंबरवर बोला. नाव विचारत नाहीत."

"आणि नाही बोललो तर?"

"तर उद्यापासून थुंकी ओढायची नळी तुम्हीच धरा. मी चालले."

फोनवर एक म्हातारा आवाज आला. "बोला. मीही आपल्यातलाच. चाळीस वर्षं जबडे उघडलेत."

"तसं फार काही नाही, नाही का? हात जरा थरथरतो, सगळ्यांचाच थरथरतो, हो ना? वयच झालं म्हणायचं, काय?"

म्हातारा हसला. "डॉक्टर, माझ्या तोंडात कापूस नाही. उत्तर देऊ का मी?"

डॉक्टर ओशाळला. जन्म गेला उघड्या तोंडांशी बोलण्यात. प्रश्न आपला, उत्तरही आपलंच. घरीही तेच. 'बरी आहेस ना? बरीच असशील,' म्हणून पेपर उघडायचा.

"पितो मी," तो म्हणाला. "दुपारपासून."

"मग आज दवाखाना बंद. उद्यापासून सहा आठवडे उपचार. आम्ही कुणाला सांगत नाही."

"घरी?"

"घरीसुद्धा नाही."

बायकोला कळेल याच धाकात त्यानं चार महिने काढले होते. आता कळणार नाही म्हटल्यावर जीव कासावीस झाला. कुणीतरी जावं तिच्या दारी, वाऱ्यानं जावं, पाखरानं जावं. सांगावं, बाई गं, तुझा माणूस वाटेवर यायला निघालाय. पण पाखरं कुठली एवढी रिकामी!

ताई बाहेर 'बंद'ची पाटी लावत होत्या. त्यानं बायकोचा नंबर फिरवला.

"मी पितो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"सोडायला चाललोय. सहा आठवडे."

"कुणी पाठवलं?"

"ताईंनी नंबर दिला. जातोय माझा मी. मी परत आलो की... तू येशील?"

"आत्ता नाही सांगता येणार हो."

पलीकडे नळ चालू होता. भांडं भरून पाणी वाहू लागल्याचं त्याला ऐकू येत होतं. तिनं नळ बंद केला नाही, आणि फोनही ठेवला नाही.