वरून ओतायचे पाणी

तिसऱ्या वेळी अमरदीपने विहिरीपाशी गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली आणि ओठ मिटले. ‘प’ उच्चारायला ओठ मिटावेच लागतात. त्याचे ते एकदा मिटले की उघडत नसत. पालीला राहणारा हा टपाल कारकून रत्नागिरीहून घरी परतताना जन्मभर साखरप्याचे तिकीट काढत आला होता आणि मध्येच, पालीला, मुकाट्याने उतरत आला होता.

चित्रीकरण चाललेला चित्रपट त्याच्या पणजोबांच्या काळावरचा, आणि त्यात अमरदीपला संवाद एकच: ‘पाणी घाला, माय.’ दिग्दर्शक विनीतने सकाळी ‘जल’ म्हणण्याची सवलत देऊ केली होती. अमरदीपने कागदावर उत्तर लिहून दिले होते: ‘आमच्या माणसांनी जल मागितले नव्हते.’ आता हाही प्रयत्न फसला, तर त्याच्या तोंडी मुंबईच्या कुणाचा तरी आवाज बसणार होता.

“प... प...”

वरच्या पायरीवरून घागर कलंडली. पाणी ओंजळीतून कोपरांवर ओघळले.

“कट! मावशी, पुन्हा तेच? त्यांनी मागितल्याशिवाय ओतायचं नाही!”

नऊवारी नेसलेली, नथ घातलेली कमलाबाई ओशाळली. विहिरीच्या मालकिणीची ही भूमिका गावात कुणी घेईना, म्हणून ती अमरदीपच्याच बुद्धवाडीतल्या या म्हातारीकडे आली होती. लहानपणी आईचा पदर धरून ती अशाच ओंजळींच्या रांगेत उभी राहिली होती.

“काय करू, साहेबानू? त्याचा घसा सुकलेला दिसतो, नि हात आपसूक वाकतो.”

“तुम्ही मालकीणबाई आहात!”

“व्हय. नथ टोचत्येय, तवापासून ध्यानात हाय.”

कुणीतरी हसले. विनीत हसला नाही. “दुसरी बाई बघा,” तो साहाय्यकाला म्हणाला.

कमलाबाईचा हात नथ काढायला गेला.

अमरदीप ताडकन उठला आणि दिग्दर्शकाकडे पाठ करून तिच्यापाशी गेला.

“पाणी मी मागेपर्यंत ओतू नकोस, काकी. एवढं कर.”

आवाज मुद्रित करणारी तेजल यंत्र बंद करून तार गुंडाळत होती. तिचे हात जागीच थांबले. काय घडले ते अमरदीपला तिच्या चेहऱ्यावरून कळले. त्याची बोटे नकळत ओठांकडे गेली.

तेजलने तार पुन्हा जोडली. विनीत खुर्चीत बसला.

अमरदीपने गुडघे टेकले. कमलाबाईने नथ सरळ केली, घागर नीट धरली आणि वरून त्याच्याकडे पाहिले.

“मग माग की.”